धरलेली जागा

काकू जागा धरत, पण बसत नसत.

क्वीन्सटाउनला आमच्या इमारतीशेजारी एक हॉकर सेंटर होतं, एका छपराखाली खाण्याचे पुष्कळ स्टॉल. तिथे दुपारच्या गर्दीत एक टेबल रोज काकूंच्या नावाने अडलेलं असायचं. टेबलावर टिश्यूचं पाकीट. सिंगापुरात याचा अर्थ शाळकरी पोरालाही कळतो: ही जागा घेतलेली आहे, मालक जेवण आणायला गेलाय, तुम्ही दुसरीकडे बघा. बाकीचे लोक जेवण घेऊन येतात आणि बसतात. काकू जेवण आणून टेबलावर ठेवायच्या आणि उभ्यानेच चार घास खायच्या. मग पाणी आणायला जायच्या, शेजारच्या टेबलावरच्या उष्ट्या ताटल्या रचून ठेवायच्या, पंख्याचं तोंड आपल्याकडे वळतं का ते बघून यायच्या, परत दोन घास. कॉफीच्या स्टॉलवरचा म्हातारा चिनी अंकल मला म्हणायचा, "युअर लँडलेडी आह, चोप ओन्ली. नेव्हर सिट वन." चोप म्हणजे तिकडच्या बोलीत जागा धरणं.

मी त्यांची भाडेकरू. दोन हजार सालानंतरची सुरुवातीची वर्षं. माझा एम्प्लॉयमेंट पास नुकताच झाला होता, ऑफिस अलेक्झांड्राला, नवरा अजून पुण्यात. मला ऑफिसच्या जवळ आणि स्वच्छ खोली हवी होती. शाकाहारी मराठी घर मिळालं ते वरकड. काकूंनी मला फ्लॅट दाखवला तो जवळजवळ धावत. दोन खोल्या बघायला असा कितीसा वेळ लागतो, पण मला धाप लागली. स्वयंपाकघरात थांबून त्यांनी विचारलं, "तुला बसून जेवायची सवय आहे का?"

"हो."

"मग ती खुर्ची तुझी. आमच्या ह्यांची होती. ते बसायचे. बँकेत बसायचे, घरी येऊन बसायचे. माझ्याही वाटचं बसून गेले."

हे गेलेल्या नवऱ्याबद्दल. मला बाई आवडली. उगाच डोळे पुसणाऱ्या घरमालकिणीपेक्षा हे बरं.

त्यांच्याकडे राहायचं म्हणजे सतत कुणीतरी आजूबाजूने जातंय याची सवय करायची. सकाळी मी चहा पीत असताना त्या माझ्या मागून तीनदा जायच्या, दर वेळी हातात वेगळी वस्तू. महिन्या-दोन महिन्यांनी सोफा एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीला जायचा. "बसायला कुणी नाही तर हलवता कशाला?" मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याला तरी बरं वाटेल." रविवारी त्या एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बसून थेट शेवटच्या स्टेशनला, पासिर रिसला जायच्या, फलाट बदलायच्या आणि परत यायच्या. 'बसून' म्हणणंही चूक आहे. गाडीत शिरताच झडप घालून सीट मिळवायच्या आणि पुढच्याच स्टेशनावर पिशव्या घेऊन चढलेल्या कुणा परक्या बाईला "कम, कम, सिट" म्हणून देऊन टाकायच्या.

ही विद्या साताऱ्याची. लहानपणी एस.टी. फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. "माझा नेम कधी चुकला नाही. आईला जागा, मावशीला जागा, शेजारच्या गरोदर सुनेला जागा."

"आणि तुम्ही?"

"मी उभी. धरणाऱ्याने बसायचं नसतं. तो बसला की बाकीच्यांचं कोण बघणार?" आणि वर, "तिथे रुमाल टाकायचो, इथे टिश्यू. इतक्या लांब येऊन एवढीच सुधारणा."

त्यांच्या पाकिटाचे नियम होते. पाकीट न फोडलेलं हवं. अर्धवट वापरलेलं ठेवलं तर लोकांना वाटतं कुणी विसरलंय. छत्री ठेवायची नाही, छत्रीचा लोभ सुटतो. आणि धरलेल्या जागेवर दुसरा बसला तर भांडायचं नाही. हे शेवटचं मी प्रत्यक्ष पाहिलं. गळ्यात ऑफिसचा पट्टा घातलेला एक तरुण काकूंचं पाकीट बाजूला सरकवून नूडल्स खायला बसला. काकू ट्रे घेऊन आल्या आणि त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. अगदी शेजारी. तो वर बघेना. "ईट, ईट," काकू मायेने म्हणाल्या, "स्लोली ईट. आय वेट." दोन मिनिटांत त्याला घाम फुटला. तो वाडगा उचलून चालता झाला, तर काकू मागून ओरडल्या, "चिली सॉस टेक लाह!" अंकल काउंटरवर डोकं ठेवून हसत होता.

नंतर माझा नवरा आला, त्याला आंग मो किओला नोकरी मिळाली, आम्ही पासिर रिसला फ्लॅट घेतला. तरी ऑफिस तिथेच असल्याने आठवड्यातून एकदा दुपारी मी काकूंबरोबर जेवायची. म्हणजे मी जेवायची.

अशाच एका दुपारी त्यांनी भाताची ताटली माझ्यापुढे सरकवत सांगितलं, "आमची इमारत पाडणार आहेत."

जुन्या सरकारी इमारती पाडून तिथल्या लोकांना जवळच नवीन फ्लॅट द्यायचे, असं तिकडे चालतं. सगळं व्यवस्थित असतं, कुणी रस्त्यावर येत नाही. पण काकूंच्या मुलाने त्यातून दुसराच विचार काढला होता. तो बरीच वर्षं इंग्लंडमध्ये होता. लंडनपासून दीड-दोन तासांवर नदीकाठच्या एका खेड्यात त्याने घर घेतलं होतं, बायको तिथलीच, शाळेत शिकवणारी. त्याचं म्हणणं होतं, आईने आता नवीन फ्लॅट घेऊच नये. जुन्याचे जे पैसे मिळतील ते घ्यावेत आणि कायमचं त्याच्याकडे यावं. ठरवायला काही महिने होते. एकदा नवीन फ्लॅटवरचा हक्क सोडला की तो परत मिळणार नव्हता.

"मग जा ना," मी म्हटलं. मला त्यात विचार करण्यासारखं काही दिसत नव्हतं. बाई एकटी, वय वाढतंय, मुलगा चांगला, सून बोलावतेय. माझ्या ओळखीच्या निम्म्या घरांत याच्या उलट रडगाणं होतं.

"तू लंडनला कामाला जाणार आहेस ना पुढच्या महिन्यात? मी पण येते. तू बघ ती जागा. तुझी नजर हिशेबनिसाची आहे."

त्यांचा मुलगा मला फोनवर म्हणाला, "प्लीज, आणाच तिला. तुमचं ऐकते ती." हे खोटं होतं. काकू कुणाचंच ऐकत नसत. पण माझी चार दिवसांची रजा शिल्लक होती.

खेडं सुंदर होतं, हे आधी सांगून टाकते, म्हणजे ते काम संपलं. दगडी घरं, चर्च, एक पूल, पुलाखाली नदी. नदी म्हणजे आपल्याकडचा मोठा कालवा धरा, पण काठोकाठ भरलेली आणि आवाज न करता जाणारी. वाकलेली झाडं, बांधलेल्या लांबट होड्या, बदकं. मुलाने स्टेशनवरून गाडीने आणलं. काकूंनी गाडीतून उतरल्या उतरल्या, एखादा फ्लॅट बघायला आल्यासारखी चौकशी सुरू केली.

"बाजार कुठे?"

"गुरुवारी भाजीची व्हॅन येते, आई."

"आणि आज?"

"आज मंगळवार."

"हो, पण आज कोथिंबीर लागली तर?"

"गाडीने जायचं. पंधरा मिनिटं."

"मला गाडी येते का?" काकूंनी मला विचारलं. मग पुलावरून खाली बघत, "ही बदकं कुणाची?"

"कुणाचीच नाहीत."

"मग इतकी जाड कशी?"

मुलाने तळमजल्यावर त्यांच्यासाठी एक खोली तयार केली होती. खरोखर विचार करून केली होती, मी खोट काढू शकले नाही. खिडकी नदीकडे, हीटर नवा, बाथरूमला धरायला दांडा, आणि खिडकीशी एक मोठी, हिरव्या कापडाची आरामखुर्ची. सुनेने ती लिलावातून शोधून आणून पुन्हा मढवून घेतली होती. काकूंनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला, "गुड. व्हेरी गुड," म्हणाल्या आणि तिच्यावर आपली पर्स ठेवली. चारही दिवस, त्या घरात असल्या की, तिथे पर्सच बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आणि सून कामाला गेले. आम्ही दोघी नदीकाठाने निघालो. पाऊलवाटेवर थोड्या-थोड्या अंतराने बाक होते. मी पहिल्यावर टेकले.

"उठ," काकू म्हणाल्या. "धरलेला आहे."

बाकाच्या पाठीवर छोटी पितळी पट्टी होती. कुणा गेलेल्या बाईचं नाव आणि तिला ही जागा फार आवडत असे, अशा अर्थाचं एक वाक्य. तिकडे आपल्या माणसाच्या आठवणीसाठी असे बाक देतात.

"काकू, ही बाई मेलीय."

"म्हणून काय झालं? टिश्यू ठेवणारा तरी कुठे तिथे हजर असतो?"

त्या प्रत्येक बाकाशी वाकून नाव वाचत चालल्या. त्या गावात आल्यापासून मी त्यांना इतकं खूष पाहिलं नव्हतं. "हा बघ, नवरा-बायकोने मिळून धरलाय. हुशार आहेत हे लोक. गेले, पण जागा नाही सोडली." मी उभी राहून कंटाळले होते. शेवटी पुलाच्या पलीकडे एक बिनपट्टीचा बाक सापडला. काकूंनी पर्समधून न फोडलेलं पाकीट काढलं, बाकाच्या बरोबर मध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "चल, आता फिरून येऊ."

"बाक मिळालाय तर बसूया ना."

"तू बैस आल्यावर."

आम्ही चर्चला वळसा घातला, बंद असलेलं पोस्ट बघितलं, एका कुंपणावरच्या मांजराला नमस्कार केला. पूर्ण गावात आम्हाला तेवढं मांजरच भेटलं. काकूंची चाल वाढत गेली, जशी ती घरात सामसूम असली की वाढायची. परत आलो तर बाकाजवळ एक उंच म्हातारा कुत्र्याची दोरी धरून उभा होता. दुसऱ्या तळहातावर त्याने पाकीट धरलं होतं, सांडू नये अशा बेताने.

"मॅडम, हे आपलं का? आपण जाताना मला लांबून दिसलात. म्हटलं, परत याल."

म्हणजे तो मघापासून, वाऱ्यात, दहा-बारा टिश्यूंची राखण करत उभा होता.

"नो, नो," काकू म्हणाल्या. "दॅट वन नॉट लॉस्ट. दॅट वन माय सीट."

म्हाताऱ्याने बाकाकडे पाहिलं. मग दोन्हीकडच्या पाऊलवाटेकडे पाहिलं. मी मध्ये पडून आमच्याकडची पद्धत समजावली. त्याने अगदी मन लावून ऐकलं. "फारच सोयीचं आहे," तो म्हणाला. "पण इथे तर दुसरं कुणीच नाही."

"नाऊ नोबडी," काकू म्हणाल्या. "लेटर?"

त्या माणसाने खरोखर विचार केला. ते लोक प्रश्न विचारला की विचार करतात. "नाही," तो म्हणाला. "मला नाही वाटत कुणी येईल."

त्याने पाकीट दिलं, टोपीला हात लावला आणि गेला. मी बाकावर बसले. काकू माझ्यासमोर उभ्या राहून नदी बघत होत्या, पाठ माझ्याकडे. पाकीट मुठीत दाबलं होतं, त्याचा प्लास्टिकचा आवाज येत होता. दुसरा आवाज नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तसंच पाकीट ठेवलं आणि मुद्दाम घरी निघून आल्या. परीक्षाच घेत होत्या. चौथ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिलं तर बाक रिकामा. पाकीट चर्चच्या भिंतीवर होतं, कुणाचा तरी हरवलेला लोकरी हातमोजा ठेवला होता त्याच्या शेजारी, उडू नये म्हणून वर एक गोटा. कुणी चोरलं नाही, कुणी सरकवलं नाही, कुणी बसलंही नाही. काकूंनी गोटा बाजूला केला, पाकीट पर्समध्ये टाकलं. हातमोज्यावर परत गोटा ठेवला.

शेवटच्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मुलाने विषय काढला. सून शाळेच्या वह्या तपासत होती, मी भांडी पुसत होते. काकू ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत.

"आई, ठरलं का?"

"घर छान आहे. ती चांगली आहे. खोली छान आहे."

"मग?"

"मग नाही."

तो हसला आधी. मग त्याला कळलं की ती गंमत नाही. इतके दिवस तो माझ्याशी, बायकोशी अगदी जपून, तिथल्यासारखं इंग्रजी बोलत होता. ते गेलं, सिंगापूरचं बाहेर आलं. "मा, व्हाय यू लाइक दॅट? एव्हरीथिंग ऑल्सो हॅव! रूम हॅव, हीटर हॅव, रिव्हर हॅव. यू वॉन्ट व्हॉट सम मोअर?"

सुनेने वह्यांतून मान वर केली. नवरा असं बोलतो हे तिला नवीन होतं. तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. शहाणी होती.

"ओरडू नकोस," काकू म्हणाल्या. "इथे माझी जागा घ्यायला कुणी येणारच नाही. मग मी दिवसभर करू काय?"

"बस ना! नुसती बस! आयुष्यभर पळतेयस."

"बसलं की ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

"काही नाही. तेच." त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि मी पुसलेली बशी पुन्हा पुसली.

मुलगा माझ्याकडे वळला. "तुम्ही सांगा तिला. तुम्ही प्रॅक्टिकल आहात."

मी प्रॅक्टिकल आहे म्हणूनच त्याची बाजू घेतली नाही. चार दिवस मी त्या बाईला त्या गावात बघितलं होतं. सिंगापूरला मी सांगितलं होतं 'जा', ते कागदावर बरोबर होतं. "नवीन फ्लॅट घेऊ देत त्यांना," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी उरलेले चमचे न पुसताच खोलीत गेले.

सकाळी निघताना काकू पर्स घ्यायला खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आम्ही आत डोकावलो. पर्स काकूंच्या खांद्यावर होती आणि हिरव्या आरामखुर्चीच्या बरोबर मध्ये टिश्यूचं पाकीट ठेवलेलं होतं. न फोडलेलं. सुनेने प्रश्नार्थक चेहरा केला, मुलाने तिला हळूच काहीतरी सांगितलं.

स्टेशन म्हणजे एक फलाट आणि एक घड्याळ. तो आईपासून लांब, घड्याळाखाली जाऊन उभा राहिला. गाडी दिसल्यावर काकू म्हणाल्या, "तू ये. जागा मी धरते."

"इट्स नॉट द सेम, मा."

"तू ये तर."

त्यानंतरची दोन वर्षं तो आला नाही. कामं होती. मग रागही असणार, मी विचारलं नाही. काकूंनी शेजारच्याच नव्या इमारतीत फ्लॅट घेतला, बराच वरच्या मजल्यावर. लिफ्टमध्ये त्यांना उभं राहावं लागायचं ते एकाच जागी, त्याचा त्यांना त्रास व्हायचा. सोफा फिरू लागला. हॉकर सेंटर तेच, अंकल तोच, पाकिटं तीच. मी दुपारी जायची. मुलाचं नाव निघालं तर त्या म्हणायच्या, "येईल," आणि पाणी आणायला जायच्या.

एका शुक्रवारी त्यांचा ऑफिसात फोन आला. "आज तो येतोय. विमान सकाळचं आहे. तू जेवायला ये." मी साडेबाराला पोचले. शुक्रवारची गर्दी म्हणजे सांगायला नको. ट्रे घेतलेले लोक टेबलांभोवती घारींसारखे फिरत होते. मला काकू दिसेनात. मी नेहमीप्रमाणे उभ्या माणसांत शोधत होते. शेवटी अंकलने बोट दाखवलं. "देअर. सी, सी! आंटी सिट!"

पंख्याखालच्या चौघांच्या टेबलाशी काकू बसल्या होत्या. समोरच्या खुर्चीपुढे पाकीट होतं, पण आज त्यांचा पाकिटावर भरवसा नव्हता. दोन्ही हात टेबलावर पसरलेले, पाय खुर्चीच्या पायांभोवती अडकवलेले. कुणी जवळ आलं की, "समबडी कमिंग."

"कधीपासून बसलात?"

"अकरापासून. विमान उशिरा आहे म्हणाला." अंकल मागून म्हणाला की त्याने तीनदा विचारलं, आंटी कॉफी घ्यायलाही उठली नाही, त्यालाच आणून द्यावी लागली.

मीही बसले. काकूंचा गुडघा टेबलाखाली सारखा हलत होता, माझा ग्लास थरथरत होता. त्या घड्याळाकडे बघत नव्हत्या. दाराकडे बघत होत्या. दीड वाजला. माझी जेवणाची सुट्टी संपली, मी उठले नाही. एका कुटुंबाने दोनदा येऊन विचारलं, त्यांच्याबरोबर एक म्हातारी होती. एरवी काकूंनी तिला हाताला धरून बसवलं असतं. आज त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

तो दोन वाजता आला, बॅग ओढत, शर्ट पाठीला चिकटलेला. जाड झाला होता. टेबलाशी येऊन उभा राहिला. आईकडे बघत राहिला, मग तिच्या खुर्चीकडे.

"यू आर सिटिंग," तो म्हणाला.

"उशीर केलास. बस."

तो बसला. पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं. "तुझं तिथलं अजून खुर्चीवरच आहे," तो म्हणाला. "ती धूळ पुसते ना, तर त्याच्या भोवतीने पुसते. मला टेकूसुद्धा देत नाही."

"चांगली आहे मुलगी," काकू म्हणाल्या, आणि टेबलावर दोन्ही हात रोवून उठल्या. इतका वेळ बसायची सवय नसल्याने पाय आखडले होते. पण दोन पावलांत त्या नेहमीच्या चालीवर आल्या. "काय खाणार? डोसा की भात? भातच आणते."

"मी येतो, आई, रांगेत."

त्या गर्दीतून वळल्या. "तू हलू नकोस," त्यांनी तिथून ओरडून सांगितलं. "जागा जाईल."